साध्या पानाला रूप कसं द्यायचं?

आपल्यापैकी बरेच जण हौसेने एचटीएमएल शिकतात, पहिलं वेबपेज बनवतात आणि ते बघून हिरमुसतात. पांढऱ्यावर काळी अक्षरं, या टोकापासून त्या टोकापर्यंत! मग गडद बॅकग्राउंड, सरकणारी अक्षरं, नाचणारी चित्रं यांचा मारा सुरू होतो. पान सजतं, पण वाचवत नाही. यावर माझ्या अनुभवातले काही सोपे उपाय सांगते. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या.

आधी थोडा इतिहास. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संस्थेतून जगापुढे आणलेलं पहिलं पानसुद्धा असंच होतं, नुसता मजकूर आणि लिंक्स. पान कसं दिसावं हे वेगळं लिहावं, अशी कल्पना होकोन विउम ली यांनी सर्नमध्येच असताना १९९४ मध्ये मांडली. त्यातूनच सीएसएस आलं. त्याची पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर १९९६ ची. थोडक्यात, एचटीएमएल म्हणजे घराच्या भिंती आणि सीएसएस म्हणजे गिलावा नि रंग.

आता समजा, हॉस्टेलच्या माहितीचं पान आहे. मेसच्या वेळा, गेट बंद होण्याची वेळ, फीची शेवटची तारीख, रेक्टरांचा नंबर, सगळं एकाच लांबलचक परिच्छेदात. रात्री मुलीचा फोन लागत नाही म्हणून गावाकडे आई मोबाइलवर हे पान उघडते. तिला फक्त तो नंबर हवाय. तो चटकन सापडला, तर पान चांगलं. बाकी सगळं नंतर.

म्हणून पहिलं काम रचनेचं. मजकुराचे भाग पाडा, प्रत्येकाला शीर्षक द्या. वेळांचा तक्ता करा. नंबर सगळ्यात वर घ्या आणि त्याची लिंक करा, म्हणजे बोट लावलं की थेट फोन लागतो.

दुसरं, रुंदी. ओळ फार लांब असली की डोळा पुढची ओळ शोधताना चुकतो. मजकुराला कमाल रुंदी द्या, दोन्ही बाजूंना समास सोडा. पानाच्या सुरुवातीला व्ह्यूपोर्टची एक ओळ टाकायला विसरू नका. ती नसली की मोबाइल अख्खं पान आकसून दाखवतो आणि अक्षरं मुंगीएवढी होतात.

तिसरं, अक्षर. इथे मराठीची गंमत आहे. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे ओळींत जास्त अंतर लागतं. लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवून बघा. इंग्रजीत शीर्षकाची अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो! तिरकी अक्षरंही आपल्या लिपीला परकीच, त्यापेक्षा ठळक करा. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' फुकट मिळतो आणि छान वाचता येतो.

रंग सगळ्यात शेवटी. मजकुराला गडद रंग, पार्श्वभूमी फिकट आणि शीर्षकं-लिंक्ससाठी आणखी एकच रंग. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं दिसायला 'स्टायलिश' वाटतात, पण उन्हात किंवा चाळिशीच्या चष्म्यातून काही दिसत नाही. जागतिक नियमाप्रमाणे साध्या मजकुरासाठी दोन रंगांतला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ : १ हवा. तो मोजायची साधनं नेटवर फुकट आहेत.

एवढ्यासाठी पंचवीस-तीस ओळींचं सीएसएस पुरतं. साधं नोटपॅडही चालतं. झालं की एक परीक्षा घ्या. मेसमधल्या काकांच्या हातात मोबाइल द्या आणि म्हणा, "काका, यातून रेक्टरांचा नंबर शोधून द्या." त्यांनी न विचारता शोधला, तर तुम्ही पास. नाही सापडला, तर काकांना काही बोलू नका, पान सुधारा!