सराफ्यातील चित्रफीत आणि चालणारे नाणे

गेल्या हिवाळ्यात काही कामानिमित्त आम्हांस इंदुरास जाण्याचा योग आला. निघण्यापूर्वी गावातील एका वृद्ध आजींना भेटावयास आम्ही गेलो. त्यांचे बालपण इंदुरात गेले. आता त्या अंथरुणास खिळून आहेत. इंदूरचे नाव निघताच त्या म्हणाल्या, "फादर, सराफा एकदा डोळ्यांनी बघायचा होता. आता माझं जाणं व्हायचं नाही. तेवढा फोनवर दाखवाल का?" आम्ही शब्द दिला. तो पाळताना आमची जी फजिती झाली, तीतून मिळालेला धडा वाचकांच्या उपयोगी पडावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

ज्यांनी सराफा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. होळकरांच्या सात मजली राजवाड्याजवळ ही पेठ आहे. दिवसा येथे सोन्याचांदीचा व्यापार चालतो. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच दारांपुढे कढया चढतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटत नाही. भुट्ट्याचा कीस, थंडीच्या दिवसांतला तळलेला गराडू, 'जलेबा' म्हणून ओळखली जाणारी भली थोरली जिलेबी, आणि दहीवड्याचा द्रोण हवेत उंच उडवून थेंबही न सांडता झेलणारा विक्रेता! आमच्यासोबतच्या तरुणाने आपल्या नव्या फोनवर हे सारे दोन मिनिटांत टिपले आणि चित्राची सफाई कमी होऊ नये म्हणून व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' या रूपाने धाडून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या मुलाचा फोन आला. "फादर, आवाज येतो, तेल चरचरतं तेही ऐकू येतं, पण पडदा काळाच. आई नुसता फोन कानाशी धरून बसली आहे." हे ऐकून आम्ही ओशाळलो. चूक त्यांच्या फोनची नव्हती, आमची होती.

असे का व्हावे? सराफाकडून दागिना घेतला की तो डबीत घालून देतात. डबी निराळी, दागिना निराळा. व्हिडिओचेही तसेच आहे. फाइलच्या नावाअखेरीस दिसणारे एमपीफोर किंवा एमओव्ही ही नुसती डबी होय. आतील चित्र कोणत्या रीतीने आवळून बसविले आहे, ही गोष्ट वेगळी. आवळल्यावाचून तर गत्यंतरच नाही. आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असलेली चित्रे सेकंदाला ३० या वेगाने जशीच्या तशी साठविली, तर एका मिनिटास सुमारे ११ गिगाबाइट जागा लागेल! आयफोनच्या सेटिंगमध्ये दिलेल्या हिशोबाप्रमाणे हेच एक मिनिट एच. २६४ या रीतीने सुमारे १३० मेगाबाइटांत मावते, तर एच. २६५ या रीतीने सुमारे ६० मेगाबाइटांत. पहिली रीत २००३ साली ठरली, दुसरी २०१३ साली. आवळलेले उलगडण्याची विद्या मात्र पाहणाऱ्याच्या फोनला अवगत असावी लागते. आजींचा जुना फोन दुसरी रीत जाणत नव्हता. आवाज मात्र जुन्याच, एएसी नावाच्या रीतीने बांधलेला होता. म्हणून तो ऐकू आला आणि चित्र अंधारात राहिले.

येथे आम्हांस जुन्या सराफांची आठवण झाली. पूर्वी जागोजागच्या संस्थानांची नाणी निरनिराळी असत. होळकरांचीही आपली होती. आपले नाणे परमुलखात चालले नाही, तर सराफ ते बदलून देई, परंतु बट्टा कापून. व्हिडिओ एका रीतीतून दुसरीत बदलताना असाच बट्टा बसतो: दर खेपेस चित्राची सफाई थोडी उतरते. केवळ डबी बदलली, आतील दागिना तसाच ठेवला, तर मात्र बट्टा नाही.

तेव्हा नाणे कोणते निवडावे? आपल्या खिशात जे खुळखुळते ते नव्हे, तर घेणाऱ्याच्या हाती जे चालेल ते. आज असे सर्वत्र चालणारे नाणे म्हणजे एमपीफोरच्या डबीतील एच. २६४ चित्र व एएसी आवाज. नव्या रीती गुणाने कमी आहेत असे नव्हे. २०१८ साली आलेली एव्ही-वन ही रीत तर आणखी थोड्या जागेत तितकेच चांगले चित्र देते. पण जुन्या फोनांना तिची ओळख नाही. उलटपक्षी, फार जुन्यालाही कवटाळू नये. एके काळी इंटरनेटवर फ्लॅशचे केवढे राज्य होते! ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला आणि ते नाणे चलनातून गेले.

आचरणात आणण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. आयफोन असल्यास कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील 'फॉरमॅट्स' येथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावे, म्हणजे चित्रण एच. २६४ मध्येच होते. आधी टिपलेली फीत संगणकावर हँडब्रेक या मोफत साधनाने बदलता येते. घरगुती पाहण्यास १२८० बाय ७२० ठिपके पुरेसे होत. पाठविण्याचा व उतरवून घेण्याचा, दोन्हींकडील डेटा वाचतो. यूट्यूबवर चढवायचे असेल तर मूळ, चांगली फाइलच द्यावी. तेथे ती पुन्हा आवळली जातेच, मग आपण आधी बट्टा कशाला द्यावा? आणि बारसे असो वा लग्न, मूळ फाइल कधीही पुसू नये. बदललेली प्रत वाटण्यासाठी, मूळ प्रत जपण्यासाठी.

आमच्या तरुणाने त्याच रात्री फीत बदलून पुन्हा धाडली. गावी परतल्यावर आम्ही आजींकडे गेलो, तो फोन उशीपाशी आणि नातवंडे भोवती. "बघा, बघा, कसा झेलतो द्रोण!" असे त्या मुलांना सांगत होत्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "फादर, अशाच एका पायरीवर बसून बाबा आम्हांला जिलेबी भरवायचे."

दोन मिनिटांची ती फीत त्यांनी किती वेळा पाहिली, याची मोजदाद नाही. वाचकहो, दूरदेशीच्या मुलाने आईस काही धाडावे, तेव्हा आपला फोन किती नवा आहे हे न पाहता आईचा किती जुना आहे हे आधी विचारावे. पाठविले म्हणजे पोहोचले, असे नव्हे.