रॅपमधील ‘मी’ आणि बोधिसत्त्वव्रत

आत्मस्तुती हा रॅपगीताचा जणू स्थायीभाव होय. न्यूयॉर्कच्या ‘बीस्टी बॉइज’ या त्रयीतील अ‍ॅडम यॉक (१९६४–२०१२) याची प्रारंभीची कीर्तीही अशाच उद्दाम ‘मी’वर उभी होती, त्रयीच्या १९८६ च्या पहिल्या गीतसंग्रहात दांडगाई आणि स्त्रियांची उथळ थट्टा यांची रेलचेल आढळते. पुढे नेपाळमधील गिरिभ्रमणात तिबेटी निर्वासितांशी त्याचा परिचय झाला व तो महायान मताकडे वळला. ‘इल कम्युनिकेशन’ (१९९४) या संग्रहात त्याने बोधिसत्त्वाच्या प्रतिज्ञेवर गीत रचले. त्यामागे आठव्या शतकातील शान्तिदेवाचा ‘बोधिचर्यावतार’ आहे.

या ग्रंथाच्या तिसऱ्या परिच्छेदातील व्रतग्रहणही प्रथमपुरुषी एकवचनातच आहे. त्यामुळे यॉकला रॅपचा ‘मी’ टाकावा लागला नाही. त्या ‘मी’ची क्रियापदे तेवढी पालटली. स्वतःला मिरविणारा येथे स्वतःला इतरांच्या उपयोगासाठी देऊ करतो. हा केवळ नवलाईचा छंद असावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे, कारण त्या दशकात अमेरिकेत तिबेटचे आकर्षण फारच वाढले होते. परंतु व्रताची परीक्षा आचरणातच व्हावयाची. त्याच संग्रहातील दुसऱ्या एका गीतात यॉकने स्त्रियांच्या अवहेलनेचा उघड निषेध केला. भिक्षूंच्या मंत्रघोषाचे ध्वनिमुद्रित अंश गीतांत वापरले होते. त्यांचा मोबदला तिबेटी लोकांकडे पोचावा, या विचारातून मिलारेपा निधी उभा राहिला. या निधीने जून १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरविलेल्या दोन दिवसांच्या संगीतसभेस सुमारे १,००,००० श्रोते जमले होते.