दुसऱ्या पिढीचे इथेनॉल
दुसऱ्या पिढीचे इथेनॉल हे पीक काढल्यानंतर उरणाऱ्या अवशेषांपासून तयार केले जाणारे द्रवरूप जैवइंधन आहे. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, मक्याची ताटे, उसाचे पाचट इत्यादी पदार्थ त्याचा कच्चा माल होत. उसाचा रस, मळी किंवा धान्य यांपासून मिळणारे इथेनॉल पहिल्या पिढीचे मानले जाते. दोन्ही रासायनिकदृष्ट्या एकच असून पेट्रोलमध्ये मिसळून वापरता येतात.

निर्मिती
पेंढ्यातील शर्करा सेल्युलोज व हेमिसेल्युलोज यांच्या लांब साखळ्यांत बांधलेली असते आणि तिच्याभोवती लिग्निनचे चिवट आवरण असते. त्यामुळे प्रथम उष्णता व रसायने यांच्या साहाय्याने हे आवरण सैल केले जाते. नंतर विकरांच्या मदतीने शर्करा मोकळी करून किण्वन व ऊर्ध्वपातन करतात. उरलेले लिग्निन जाळून कारखान्यासाठी वाफ व वीज मिळवता येते.

पर्यावरणीय बाजू
पंजाब व हरियाणात भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये झालेल्या कायद्यांमुळे भाताची लावणी लांबली. परिणामी कापणी व गव्हाची पेरणी यांमध्ये मोजकेच दिवस उरतात आणि अनेक शेतकरी पेंढा शेतातच जाळतात. कारखान्याने पेंढा उचलल्यास हा धूर टळतो. मात्र एक टन पेंढ्यात सुमारे ५.५ किलो नत्र व २५ किलो पालाश असते. जाळल्यास बहुतेक नत्र उडून जाते, पण पालाशाचा मोठा भाग राखेतून जमिनीत राहतो. पेंढा उचलल्यास दोन्ही शेताबाहेर जातात. म्हणून काही अवशेष जमिनीत ठेवणे किंवा खताने भरपाई करणे आवश्यक ठरते.

आर्थिक बाजू
इंडियन ऑइलच्या पानिपत येथील प्रकल्पाचे लोकार्पण १० ऑगस्ट २०२२ रोजी झाले. त्याचा खर्च ९०० कोटी रुपयांहून अधिक असून तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनामागे सुमारे १५० लिटर, असे त्याचे उद्दिष्ट आहे. एकट्या पंजाबात दरवर्षी निघणारा पेंढा सुमारे २ कोटी टन आहे. त्या तुलनेत हा वापर एक टक्का ठरतो.

शेतात पेंढ्याला मोल नसले, तरी कारखान्याच्या दारात तो फुकट पडत नाही. तो गोळा करणे, गाठी बांधणे व वाहून नेणे यांचा खर्च येतो. पेंढा वजनाने हलका व आकाराने मोठा असल्याने अंतराबरोबर वाहतूक महागते. कापणीच्या काही आठवड्यांत मिळणारा माल वर्षभर ओल व आगीपासून जपावा लागतो. विकरे व यंत्रसामग्रीचा खर्चही मोठा असतो.

परदेशांतील अनुभव याला दुजोरा देतो. इटलीतील क्रेसेन्टिनो येथील कारखाना २०१३ मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये थांबला. ड्युपाँटने अमेरिकेच्या आयोवा राज्यातील आपला कारखाना २०१५ मध्ये उघडला आणि दोन वर्षांतच तो बंद करण्याचे जाहीर केले. रुमानियातील पोदारी येथील क्लॅरियंटचा कारखानाही २०२३ मध्ये बंद करण्याचे ठरले. भारतात २०१९ च्या प्रधानमंत्री जी-वन योजनेतून अशा प्रकल्पांना अर्थसाहाय्य दिले जाते. जवळच्या परिसरातून पेंढ्याचा खात्रीचा पुरवठा आणि इथेनॉलला दीर्घकाळ हमीचा भाव या दोन्ही गोष्टी जुळल्या, तरच हे इंधन अनुदानाविना टिकण्याची शक्यता वाढते.