पंचगंगेकाठचं छोटं पोलंड

गांधीनगर माहीत नाही असा आपल्या हॉस्टेलमध्ये एकही जण सापडणार नाही. गॅदरिंगच्या ड्रेसचं कापड असो, रूमसाठी बेडशीट असो नाहीतर ताईच्या लग्नाचा बस्ता असो, स्वस्त आणि मस्त म्हटलं की आपली पावलं तिकडंच वळतात. पण मित्रांनो, याच गांधीनगरच्या जागी एकेकाळी युरोपातलं एक अख्खं गाव नांदत होतं, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

क्विझच्या तयारीसाठी आपण युरोपातले छोटे छोटे देश घोकतो. सान मारिनो, अँडोरा, लिख्टेनश्टाइन... राजधानी काय, चलन काय, सगळं पाठ! लिख्टेनश्टाइनच्या राजधानीची वस्ती आहे पाच-सहा हजार. आपल्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. म्हणजे एका छोट्या देशाची राजधानीच म्हणा ना! पोलंड हा देश काही छोटा नाही, पण वळिवड्याचं हे पोलंड छोटंच होतं. ते लोक कसे राहत, काय खात, कोणते सण करत आणि त्या सणांना का धरून बसले, हे सांगण्यासाठी हा लेख.

इतक्या लांब आले कसे?

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूनं, म्हणजे पूर्वेकडून, सोव्हिएत फौजा घुसल्या. पूर्व पोलंडमधल्या असंख्य कुटुंबांना १९४० आणि १९४१ मध्ये गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवण्यात आलं. थंडी, उपासमार आणि टायफसनं माणसं मेली. पुढे जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा चित्र बदललं. जुलै १९४१ मध्ये लंडनमधलं पोलिश सरकार आणि रशिया यांच्यात करार झाला आणि या कैद्यांना सोडण्यात आलं. त्यांच्यातल्या पुरुषांची जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली फौज उभी राहिली. १९४२ मध्ये ही फौज आणि तिच्याबरोबर बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. पुरुष लढायला गेले. राहिलेल्यांचं काय करायचं?

सुमारे हजार मुलांना नवानगरच्या जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिला. ती गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहे. पण त्यापेक्षा कितीतरी मोठी वस्ती आपल्या कोल्हापूर संस्थानात झाली. त्या वेळी राजाराम महाराजांचं निधन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि गादीवर अगदी तान्हे बालराजे होते. जागा संस्थानातली आणि खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा, अशी व्यवस्था होती. इराणहून कराची आणि तिथून रेल्वेनं थेट कोल्हापूर-मिरज लाइनवरचं वळिवडे, असा त्यांचा प्रवास. उतरणाऱ्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं.

घर, शाळा, बाजार

कॅम्प म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तंबू येतात. इथं लांबच लांब बराकी होत्या. बांबूच्या चटयांच्या भिंती आणि वर मंगलोरी कौलं. बराकीचे भाग पाडून प्रत्येक कुटुंबाला राहायला जागा, स्वयंपाकाची सोय आणि पुढे व्हरांडा. आपल्या हॉस्टेलसारखं, फरक एवढाच की मेस नव्हती, ज्यानं त्यानं आपल्या घरी रांधायचं! मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रांगेत उभं राहून ताटात पडेल ते खाणं वेगळं आणि आपल्या चुलीवर आपल्या आईच्या पद्धतीचं करणं वेगळं. सबमिशनच्या आठवड्यात मेसची तीच ती आमटी खाताना घरची भाकरी आठवते, तेव्हा आपल्यालाही हे कळतंच की.

कॅम्पात चर्च होतं, हॉस्पिटल होतं, अनाथ मुलांसाठी वेगळी सोय होती, नाटकं आणि सिनेमा होता. पोलिश भाषेतून शिकवणाऱ्या शाळा होत्या, पार अकरावी-बारावीच्या तोडीच्या परीक्षेपर्यंत. पुस्तकांची टंचाई होती, पण शिक्षिका होत्या आणि त्यांनी शिकवणं थांबवलं नाही. स्काउटची पथकं जोरात होती. काही मुलींना पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये धाडलं होतं. आसपासचे व्यापारी कॅम्पात येऊन दुकानं थाटायचे आणि बायका बराकीपुढे फुलझाडं लावायच्या.

सणवार

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ख्रिसमस आणि ईस्टर लहानपणापासून पाहत आले. तरीसुद्धा पोलिश चालीरीतींबद्दल वाचताना मला शाळेच्या चॅपलपेक्षा आमच्या आजीचं देवघरच जास्त आठवलं! काही उदाहरणं देते.

पोलिश माणसाचा सर्वांत मोठा सण म्हणजे २४ डिसेंबरची संध्याकाळ. त्याला ते म्हणतात 'विगिल्या'. त्या दिवशी मांसाहार वर्ज्य. आपण संकष्टीला चंद्राची वाट बघतो ना, तशी त्यांच्याकडे मुलं आभाळात पहिली चांदणी दिसायची वाट बघतात. ती दिसल्याशिवाय कोणी जेवायला बसत नाही. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळलं गवत पसरतात, कारण येशू गोठ्यात जन्मला. पारंपरिक बेत बारा पदार्थांचा: बीटाचं लालभडक सूप, मासा, आणि आत सारण भरून उकडलेली 'पिएरोगी', जी दिसायला थेट आपल्या करंजीसारखी.

जेवणाआधी 'ओपवातेक' नावाची पापडासारखी पातळ, पांढरी वडी हातात घेतात. प्रत्येकानं दुसऱ्याच्या वडीचा तुकडा मोडायचा, खायचा आणि एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या. वर्षभराचे रुसवे तिथं संपले पाहिजेत. आपलं 'तीळगूळ घ्या, गोड बोला' यापेक्षा काय वेगळं आहे?

आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. अचानक कोणी पाहुणा, वाटसरू आला तर तो उपाशी जाऊ नये म्हणून. 'पाहुणा घरी आला, देव घरी आला' अशी त्यांच्यात म्हणच आहे. घरातलं जे माणूस आज हजर नाही, त्याची आठवण म्हणूनही ती जागा असते. वळिवड्याला कुणाचा बाप इटलीच्या आघाडीवर होता, कुणाची आई सायबेरियात गेली होती, कुणाचा ठावठिकाणाच नव्हता. त्या घरांत जास्तीच्या ताटाकडे बघून काय वाटत असेल?

दुसरा सण ईस्टर. आदल्या दिवशी टोपलीत अंडी, ब्रेड, मीठ घेऊन चर्चमध्ये जायचं आणि त्यावर आशीर्वाद घ्यायचा. अंडी नक्षीनं रंगवलेली. आणि ईस्टरच्या सोमवारी? चक्क एकमेकांवर पाणी ओतायचं! 'श्मिगुस-डिंगुस' म्हणतात त्याला. विशेषतः मुलींना भिजवण्यासाठी मुलं टपलेली असतात. रंगपंचमीच्या आसपासच येणारा सण, फक्त रंग नाहीत. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

त्यांच्यात वाढदिवसापेक्षा नावाच्या दिवसाला जास्त मान. कॅलेंडरमध्ये प्रत्येक तारखेला कुठल्या ना कुठल्या संताचं नाव असतं. आपल्या नावाचा दिवस आला की घर पाहुण्यांसाठी उघडं. आणि १ नोव्हेंबरला कबरींवर दिवे लावायचे, आपण पितृपक्षात पूर्वजांची आठवण काढतो तसं. ज्यांची माणसं वाटेत कुठंतरी पुरली गेली, ज्या कबरींवर खूणसुद्धा नव्हती, त्यांनी दिवा कुठं लावायचा? वळिवड्याला मरण आलेल्यांच्या कबरी मात्र कोल्हापूरच्या ख्रिश्चन दफनभूमीत आजही आहेत.

देशच जाग्यावर राहिला नाही

आता मुद्द्याचं. पोटाची भ्रांत असताना हे सगळं करायची काय गरज होती? त्यासाठी थोडा इतिहास. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी पोलंडचा उरलेला तुकडाही वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. एवढी वर्षं पोलंड टिकला तो भाषेत, चर्चमध्ये आणि घरातल्या टेबलावर. आजीनं नातवाला ओपवातेक मोडायला शिकवलं, म्हणून नातवाला आपण कोण ते कळलं. वळिवड्याच्या बायकांना हे ठाऊक होतं. त्या मुलांना परत जायच्या तयारीनं वाढवत होत्या.

पण परत जाणं बहुतेकांच्या नशिबी नव्हतं. मे १९४४ मध्ये पोलिश सैनिकांनी इटलीत मोंते कासिनो सर केलं. त्याच इटलीच्या मोहिमेत मराठा रेजिमेंटचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. म्हणजे आपल्या गावोगावच्या आया आणि वळिवड्याच्या पोलिश आया एकाच आघाडीवरच्या पत्राची वाट बघत होत्या! फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषद झाली आणि पूर्व पोलंड रशियाकडे राहणार हे ठरलं. वळिवड्यातली बहुतेक माणसं नेमकी त्याच भागातली. युद्ध जिंकलं आणि घर गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. थोडे लोक पोलंडला परतले. बरेच जण ब्रिटनला गेले, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला. एक मुलगी तर कोल्हापूरची सून होऊन इथंच राहिली. १९४८ मध्ये कॅम्प बंद झाला.

बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथं उतरली. पोलिश लोक ज्या कराचीमार्गे आले, त्याच कराचीकडून हे लोक घर सोडून निघालेले. त्यांनी कष्टानं बाजार उभा केला, तेच आपलं गांधीनगर. एकाच जागेनं पाच-सहा वर्षांत दोनदा घर हरवलेल्यांना छप्पर दिलं.

आज महावीर गार्डनमध्ये पोलिश स्मारक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यालाही स्मारक झालं, तेव्हा लहानपण इथं काढलेले वृद्ध पोलिश पाहुणे आवर्जून आले होते. वॉर्सॉमध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. आपण मात्र गार्डनमध्ये भेळ खाऊन परत येतो!

उलट्या बाजूचीही एक गोष्ट आहे. १८७० मध्ये कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस, म्हणजे माझ्याएवढं. दहनाची रीत तिथं कोणी पाहिलेली नव्हती, तरी अर्नो नदीच्या काठी त्यांचं हिंदू पद्धतीनं दहन करू दिलं गेलं. तिथं आज त्यांची छत्री आहे आणि जवळच्या पुलाला 'इंडियानो' म्हणतात.

आपल्या हॉस्टेलमध्ये बिहारचे आहेत, मणिपूरचे आहेत, कोकणातले आहेत. छठला कोणी पहाटे बादलीभर पाणी घेऊन गच्चीवर गेलं की आपण हसतो, 'हे काय नवीन' म्हणतो. त्या वेळी वळिवडे आठवावं. पाच हजार परक्या माणसांनी इथं आपल्या चांदणीची वाट बघितली आणि कोल्हापूरनं त्यांना ती बघू दिली. यंदा २४ डिसेंबरला सुट्टीत घरी गेला नाहीत, तर मेसच्या टेबलावर एक ताट जास्तीचं मांडून बघा. कोणी ना कोणी येईलच.