पाणी जड, खिसा हलका!

नवा फ्लॅट, चकचकीत बाथरूम आणि सहा महिन्यांत नळांवर पांढरे डाग? कामवाल्या मावशींवर चिडण्याआधी टाकीत कुठलं पाणी पडतंय ते बघा!

हिंजवडी, वाकड, वाघोली, खराडी... पुण्यात आयटीवाल्यांनी जिथे जिथे बस्तान मांडलंय, तिथे फ्लॅट बघायला गेलं की एजंट हौसेने सगळं दाखवतो. जिम, क्लब हाऊस, कव्हर्ड पार्किंग. आपणही जाता जाता विचारतो, ‘पाणी चोवीस तास आहे ना?’ उत्तर ‘हो’ येतं आणि विषय संपतो. पण चोवीस तास येणारं हे पाणी धरणाचं, बोअरचं की टँकरचं, हे विचारायचं राहूनच जातं. आणि पुढे गीझर बंद पडला की त्याची किंमत मोजावी लागते.

खडकवासला किंवा पवना धरणात साठतं ते मुख्यतः डोंगरावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी. त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी मात्र काळ्या खडकाच्या भेगांमधून मुरत मुरत आलेलं असतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून सोबत आणतं. टँकरमध्ये भरलेलं पाणीही अनेकदा अशाच एखाद्या विहिरीचं किंवा बोअरचं असतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला भारदस्त नाव होतं, ‘दुष्फेन पाणी’. आजी साधं म्हणते, ‘जड पाणी आहे, यात डाळ शिजायची नाही.’ आजीचं बरोबर आहे! पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून कुकरच्या शिट्ट्या वाढतात.

तापलं की जमलं

थंड पाणी पाइपमधून जाताना फारसा त्रास देत नाही. खरी गंमत गीझरमध्ये सुरू होते. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. म्हणजेच चुनखडी! ती पाण्यात विरघळत नाही. जिथे सगळ्यात जास्त उष्णता, तिथेच ती बसते. म्हणजे थेट हीटिंग एलिमेंटवर.

थोडं गणित करू. समजा, तुमच्या पाण्याची कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि दोघांच्या आंघोळीला गीझरमधून रोज ४० लिटर पाणी जातं. म्हणजे दिवसाला १६ ग्रॅम आणि महिन्याला जवळपास अर्धा किलो क्षार त्या टाकीतून प्रवास करतात. सगळेच तिथे मुक्काम करत नाहीत, पण थोडे थोडे राहिले तरी पुरे.

एलिमेंटवर थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पाणी उशिरा तापतं, वीज जास्त जाते, एलिमेंट स्वतःच भलतं तापतं आणि शेवटी जळतं. गीझरमधून ‘कडकड-फटफट’ असा आवाज येत असेल, तर समजा की थराखाली अडकलेली वाफ बाहेर पडतेय. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. आतला दाब वाढला की तो सोडून देण्यासाठी असलेला हा व्हॉल्व्ह क्षारांनी चिकटून बसू शकतो. इथे प्रश्न नुसत्या वीजबिलाचा राहत नाही.

वॉशिंग मशीनचंही तेच. ज्या मशीनला हीटर आहे, तिथे थर बसणारच. हीटर नसलेल्या मशीनमध्येही पाणी आत येतं तिथली जाळी तुंबते, डिटर्जंट जास्त लागतं आणि टॉवेल पापडासारखे कडक होतात.

घाबरायचं का?

तब्येतीसाठी घाबरायचं कारण नाही. कठीणतेमुळे आरोग्याला धोका आहे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यासाठी मर्यादा ठरवलेली नाही. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता चांगली मानली आहे, तर दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. केसांचं म्हणाल, तर साबणाचा चिकट साका बसून ते रखरखीत होतात खरे, पण जड पाण्याने टक्कल पडतं, हे काही सिद्ध झालेलं नाही. सो, शाम्पूचा ब्रँड बदलत बसू नका!

मोजायचं कसं? सेल्समन पेनसारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो आणि मोठा आकडा दाखवून घाबरवतो. तो आकडा विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज असतो, नुसत्या कठीणतेचा नाही. घरच्या घरी साबणाची परीक्षा घ्या. एका बाटलीत नळाचं पाणी आणि दुसरीत तेवढंच आरओचं पाणी घ्या. दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. एकीत भरपूर फेस आणि दुसरीत पांढरट साका आला, तर उत्तर मिळालं. नेमका आकडा हवा असेल, तर लॅबमध्ये ‘टोटल हार्डनेस’ची टेस्ट करून घ्या.

उपाय कुठला?

आरओने कठीणता कमी होते, पण तो पिण्याच्या पाण्यापुरता. गीझरला त्याचा काही उपयोग नाही. पाइपला बाहेरून बांधायचं मॅग्नेट पाण्यातलं कॅल्शियम काढून घेत नाही. विकत घ्यायच्या आधी आणि नंतर बाटलीची परीक्षा करा, पैसे वाचतील.

खरा उपाय सॉफ्टनर. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावे लागतात. अनेक सोसायट्यांमध्ये प्लँट असतो, पण मीठ कोण आणि कधी टाकतं, याचा पत्ता नसतो. मीठ नसलेला सॉफ्टनर म्हणजे नुसती महागडी टाकी! पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडून झालं की एवढं नक्की विचारा.

वीकेंडला एवढं करा

* किटली : पाणी कोमट करून लिटरला दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड टाका. किराणा दुकानात ढोकळ्यासाठी मिळतं तेच. अर्धा तास ठेवा, ओतून द्या, नीट धुवा. मग साधं पाणी एकदा उकळून तेही फेकून द्या.

* शॉवर : प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरं व्हिनेगर भरून तासभर शॉवरच्या तोंडाला बांधा. नळाच्या तोंडाची जाळी काढून तीही भिजवा. टॉयलेट क्लीनर नळांवर वापरू नका, चकाकी जाईल. आणि कुठलंही अ‍ॅसिड ब्लीचमध्ये मिसळायचं नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

* गीझर : तापमान ६० अंशांच्या वर नेऊ नका, त्यापुढे थर झपाट्याने वाढतो. वर्षातून एकदा मेकॅनिककडून एलिमेंट साफ करून घ्या. गंज रोखणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड आणि सेफ्टी व्हॉल्व्हही तपासायला सांगा. हे काम स्वतः करू नका.

* वॉशिंग मशीन : इनलेटची जाळी धुवा. मॅन्युअलमध्ये सांगितलेलीच डिस्केलिंग पावडर वापरा.

सहीच्या आधी

भाड्याच्या घरात एलिमेंट जळला की मालक म्हणतो, ‘तुम्ही वापरलात, तुम्ही भरा.’ आपण म्हणतो, ‘पाणीच तसं आहे!’ डिपॉझिटमधून पैसे कापले जातात आणि वाद तसाच राहतो. म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूलपेक्षा नळाची तोटी बघा. काचेच्या पार्टिशनवर पांढरे ओघळ असतील, तर पाण्याने आपली ओळख करून दिलेली आहे. वॉचमन काकांना विचारा, दिवसाला टँकर किती येतात. गीझरची सर्व्हिसिंग आणि बिघाडाचा खर्च कोणाचा, हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये एका ओळीत लिहून घ्या. आधीपासूनचा थर मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

जड पाणी आपण बदलू शकत नाही. त्याचं बिल कोणाच्या नावावर फाटणार, ते मात्र सहीच्या आधी ठरवता येतं!