मनाचा सराव

सरावात दिसणारे कौशल्य सामन्यात तसेच उतरेल, याची खात्री कोणत्याही खेळात नसते. हात तेच असतात, साधनही तेच असते. पण निर्णायक क्षणी छातीचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, खांदे आवळले जातात आणि लक्ष हातातल्या कामावरून निकालाकडे सरकते. या प्रत्येक गोष्टीवर सरावाने ताबा मिळवता येतो, आणि क्रीडा-मानसशास्त्र उभे आहे ते यावरच.

नेमबाजीत याची गरज सर्वांत आधी जाणवते. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तिथे हृदयाचा ठोकासुद्धा नेम हलवू शकतो. महाराष्ट्रात हे शिक्षण रुजवण्याचे मोठे श्रेय नाशिकच्या भीष्मराज बाम यांना जाते. पोलीस सेवेतून निवृत्त झालेल्या बाम यांनी योगशास्त्रातील श्वास, शिथिलीकरण आणि एकाग्रता यांची सांगड आधुनिक मानसशास्त्राशी घातली. २००० साली सिडनी ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत आणि २००४ मध्ये अथेन्सला तीच मजल मारणाऱ्या सुमा शिरूर यांना त्यांचे मार्गदर्शन मिळाले. राहुल द्रविडनेही त्यांचा सल्ला घेतला. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे त्यांचे मराठी पुस्तक आजही प्रत्येक प्रशिक्षकाने वाचावे असे आहे.

पहिली पायरी श्वासाची. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला, की हृदयाची गती उतरते आणि स्नायू सैल पडतात. श्वास सोडल्यानंतर क्षणभर जी स्थिरता येते, त्या वेळी नेमबाज चाप ओढतो. दुसरी पायरी ठरलेल्या क्रमाची. सर्व्हिस करण्यापूर्वी किंवा चेंडू टाकण्यापूर्वी दर वेळी तीच कृती त्याच क्रमाने केली, तर भलत्या विचारांना शिरायला जागा राहत नाही. डोळे मिटून संपूर्ण हालचाल मनात पाहणे हाही खरा सराव आहे, कारण त्या वेळी मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग काही प्रमाणात जागे होतात. मात्र चित्र पदकाचे असून उपयोग नाही. पायांची ठेवण, हाताचा वेग, मैदानातला गोंगाट हे सारे त्यात हवे. मनातल्या मनात स्वतःशी बोलतानाही ‘चुकू नकोस’ यापेक्षा ‘नजर चेंडूवर’ ही सूचना अधिक कामाची, कारण ती नेमके काय करायचे ते सांगते.

या साऱ्याचा मेळ १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दिसला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफलच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून आणि पालथे झोपून नेम साधण्याचे टप्पे संपले तेव्हा पदकाच्या बाहेर होता. उभ्याने नेम साधण्याच्या टप्प्यात तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवून गेला. गुणफलकाकडे आपण पाहत नव्हतो, लक्ष श्वासावर होते, असे त्याने नंतर सांगितले. हे काही त्या दिवशी सुचलेले शहाणपण नव्हते. त्यामागे अनेक वर्षांचा सराव होता.

प्रत्येक खेळात मन शांतच हवे असेही नाही. नेमबाजाला घातक ठरणारी उत्तेजना कबड्डीत पकड करणाऱ्याला आवश्यक असते. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की उत्तेजना वाढते तसे काम काही मर्यादेपर्यंत सुधारते आणि पुढे बिघडते. अवघड कामात ही मर्यादा लवकर येते. आपली मर्यादा कुठे आहे, हे ज्याने त्याने ओळखायचे असते.

दापोली तालुक्यातील केळशीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात क्रीडा-मानसशास्त्रज्ञ गाठणे सोपे नाही. पण यातले बहुतेक शिक्षण गावच्या मैदानावरही देता येते. कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. सरावात मुद्दाम अशीच चढाई द्यावी, एका गुणाची पिछाडी जाहीर करावी आणि भोवती इतरांना ओरडू द्यावे. मध्य रेषा ओलांडण्याआधी एक लांब श्वास सोडायचा आणि कोणत्या बचावपटूवर जायचे ते ठरवायचे, ही सवय अशा चढायांतूनच लागते. चढाई संपल्यावर प्रशिक्षकाने निकालाआधी निर्णयाबद्दल विचारावे. झोप उडणे, सततची उदासी किंवा खेळाची धास्ती आठवडेच्या आठवडे टिकली, तर मात्र ते प्रशिक्षकाचे काम राहत नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवे.