बारावीत गुण कमी, तरी शस्त्रक्रियागृहाची वाट खुली

गोंदिया - बारावीच्या गुणपत्रिकेत चाळिशीचे आकडे दिसले, की परिचारिका होण्याचे स्वप्न संपले, असा समज सालेकसा, देवरीसारख्या तालुक्यांतील अनेक घरांत करून घेतला जातो. शस्त्रक्रियागृहात, विशेषतः भूल देण्याच्या कामात सहभागी व्हायचे असेल, तर हुशार विद्यार्थ्यांखेरीज कोणाला तेथे स्थान नाही, असेही मानले जाते. प्रत्यक्षात नियम इतके कठोर नाहीत. मात्र, ते नेमके समजून घेणे आवश्यक आहे.

भूल कोण देते?

अमेरिकेत परिचारिकांनी भूल देण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. मेयो क्लिनिकमधील अ‍ॅलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये चौदा हजारांहून अधिक रुग्णांना दिलेल्या भुलीचा आढावा प्रसिद्ध केला होता. भारतात मात्र भूल देणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. ग्रामीण भागात भूलतज्ज्ञांची उणीव असल्याने बाळंतपणातील तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्याचा मार्ग शासनाने स्वीकारला. परिचारिकांना तो अधिकार दिला नाही. त्यामुळे 'भूलपरिचारिका' अशी स्वतंत्र पदवी देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर सावध राहिलेले बरे.

भूलतज्ज्ञाला साहाय्य करणे, यंत्रसामग्री सज्ज ठेवणे, शस्त्रक्रियेनंतर रुग्णावर लक्ष ठेवणे ही कामे परिचारिका व भूल तंत्रज्ञ करतात. गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हे काम आता जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या नजरेसमोर आहे.

पायरी-पायरीने पदवी

समजा, देवरी तालुक्यातील एका विद्यार्थिनीला बारावी कला शाखेत ४३ टक्के गुण आहेत. चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगचे दार तिला बंद आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार तेथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रासह बारावी आणि खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. शिवाय प्रवेश परीक्षाही असते. जीएनएम या तीन वर्षांच्या पदविकेला मात्र कोणतीही शाखा चालते. बारावीत इंग्रजी विषय व किमान ४० टक्के गुण हवेत. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांनाही तेथे अर्ज करता येतो. गुण त्याहूनही कमी असतील, तर दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम पूर्ण करून नोंदणी केल्यावर जीएनएमकडे वळता येते.

जीएनएमनंतर नोंदणीकृत परिचारिकेला दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतो. म्हणजे पदवीला चारऐवजी पाच वर्षे लागतात. बारावीत कमी पडलेल्या गुणांची किंमत एवढीच, एका वर्षाची. पुढे एमएस्सी नर्सिंगसाठी पदवीचे ५५ टक्के गुण व एक वर्षाचा अनुभव विचारला जातो. बारावी उत्तीर्ण असणे पुरते. तिचे टक्के तेथे निर्णायक नसतात. खरी परीक्षा पदवीतच असते, आणि तेथे ढिलाई परवडणारी नाही.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना आणखी दोन पर्याय आहेत. राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढविता येतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पॅरामेडिकल तंत्रज्ञान पदवीत भूल तंत्रज्ञाची शाखाही आहे.

परदेशाचा विचार

अमेरिकेत भूलपरिचारिका व्हायचे, तर आधी तेथील परिचारिका परवाना आणि अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. २०२२ पासून तेथे या शिक्षणाला नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी डॉक्टरेट स्तरावरील अभ्यासक्रम आवश्यक झाला आहे. तेथे जुन्या गुणपत्रिका तपासल्या जातात. त्या लपविण्यात अर्थ नाही. विज्ञान विषयांतील अलीकडचे चांगले गुण, अतिदक्षता विभागातील भक्कम अनुभव आणि पूर्वीच्या अपयशाचे कारण सरळ शब्दांत सांगणारा अर्ज, यांचाच तेथे उपयोग होतो.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः पडताळून पाहावे. मान्यता नसलेल्या संस्थेतील प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीविना पुढची एकही पायरी चढता येत नाही. कमी गुण भरून काढता येतात. चुकीच्या संस्थेत गेलेली तीन वर्षे परत मिळत नाहीत.